रीडेव्हलपमेंटमध्ये कार्पेट मोजता, उजेड कोण मोजणार?

नौपाड्याची
काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये तीन तास कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवर घासाघीस. नव्या नकाशात स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या अरुंद बोळात उघडते, हे कुणाच्या गावीही नाही. आजच्या ओट्यावर मी दिवसा दिवा लावत नाही. पंचवीस चौरस फूट कमी घेऊ, पण खिडकी मोकळ्यावर हवी.

घोडबंदरकर
ताई, पंचवीस फूट म्हणजे ठाण्यात किती लाख, हिशेब केलात? आम्ही उजेडाच्या नादाने पश्चिमेला भिंतभर काच घेतली. एप्रिलात चार वाजता सोफ्यावर बसवत नाही. पडदे ओढलेले, एसी चालू आणि वर दिवाही चालू! त्यापेक्षा एलईडी परवडला.

ऐरोलीचा नकाशेवाला
उजेडाला कशाला बोल लावता, दिशा चुकली. ठाणे साधारण १९ अंश उत्तरेला. डिसेंबरात भरदुपारीही सूर्य दक्षिणेकडे ४७ अंशांवरच असतो, एप्रिल-मेत जवळजवळ डोक्यावर. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा टाकला की उन्हाळ्याचं ऊन अडतं, थंडीतलं आत येतं. पश्चिमेचं ऊन तिरपं, छज्ज्याला दाद देत नाही. तिथे उभ्या पट्ट्या किंवा जाळीच हवी.
आणि खिडकी नुसती रुंद करू नका. जमिनीपासून तिची वरची कड जितकी उंच, त्याच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंतच उजेड नीट पोचतो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे दमट-उष्ण हवेत खोलीच्या जमिनीच्या एक-षष्ठांश खिडकीची उघडी जागा हवी, म्हणजे १०० चौरस फुटांच्या खोलीला सुमारे १७. पण समोर सहा फुटांवर भिंत असेल तर त्या १७ फुटांतून दिसणार काय, शेजाऱ्याचे पाइप?
बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज वसाहत बघून या. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी अंगणाभोवती घरं रचली, वरून उजेड उतरतो.

घोडबंदरकर
तेच ना! तिथेही कितीतरी लोकांनी मूळ घरं पाडून मोठी बांधली. लोकांना जागा हवी असते हो. शिवाय वीस मजल्यांत अंगण कुठे घालणार?

नौपाड्याची
अंगण मागतंय कोण? खिडकी मागतेय. याच बिल्डरची पुढच्या गल्लीतली इमारत बघायला कमिटी रविवारी जातेय. मी वाटीभर तूरडाळ घेऊन जाणार. डक्टवाल्या स्वयंपाकघरात दिवा बंद करून तिच्यातला खडा काढून दाखवा म्हणेन.

तळमजला
तुमच्याच बिल्डिंगमधला, ओळखलंत असेल. डाळ जरूर आणा वहिनी, पण मतदानात माझा हात कार्पेटलाच. दोन पोरं एका टेबलावर अभ्यास करतात, आणि ते टेबल आत्ताही ट्यूबखालीच आहे.