मदत हवी आहे: सीबीडी वाढवायला गेलो, टीएचसी वाढलं

हेम्पवाला: हेम्पची (कमी नशेच्या भांगेची) एक ओळ आहे, तिच्यात सीबीडी हे नशा न आणणारं द्रव्य ९ टक्के येतं, १४ वर न्यायची आहे. जोमदार नर लावून संकर केला. १२ रोपं तपासली, पाचांत टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, चिकार. पुढच्या पिढीत आपोआप जाईल ना? उपटायची की ठेवायची, या आठवड्यात ठरवायचंय.

गुणसूत्र: चिकार म्हणजे किती? प्रयोगशाळेत मोजलं कशाने, एचपीएलसी की जीसी? जीसीत नमुना तापतो, टीएचसीए (तापल्यावर टीएचसी होणारं कच्चं रूप) वेगळं दिसत नाही. नर कुठल्या वाणाचा? शेत कुठे?

सह्याद्री_७: भारतात असाल तर जपून. उत्तराखंडात परवान्यावर लागवड चालते, महाराष्ट्रात सहज मिळेल असं समजू नका.

हेम्पवाला: अमेरिकेत, ओरेगन राज्यात, परवाना आहे. एचपीएलसी. वाईट पाच: सीबीडी ६, डेल्टा-९ (तयार टीएचसी) ०.२, टीएचसीए ४.१. उरलेली सात: सीबीडी ९.१, एकूण टीएचसी ०.३५. नर १:१ (सीबीडी-टीएचसी सारखंच) वाणाच्या बियांतला. नराची चाचणी कोण करतं?

गुणसूत्र: करायला हवी होती. टीएचसीएचं टीएचसी होताना वजन घटतं, म्हणून ०.८७७ ने गुणायचं: एकूण टीएचसी = ०.२ + ०.८७७ × ४.१, म्हणजे ३.८. सीबीडीए (सीबीडीचं कच्चं रूप) आणि टीएचसीए दोन्हींचा कच्चा माल एकच, सीबीजीए. तो कुठे वळणार हे बी-स्थान या जनुकावर ठरतं: बीडी प्रत सीबीडीएकडे, बीटी प्रत टीएचसीएकडे, आणि प्रत्येक रोपात अशा दोन प्रती. तुमची मादी बीडी/बीडी, नर बीटी/बीडी. निम्मी पोरं बापावर जाणार. ५:७ त्यात बसतं. ही पाच आपसात लावलीत तर बीडी/बीडी, बीटी/बीडी, बीटी/बीटी असे १:२:१, निव्वळ बीडी फक्त पाव हिश्शात. आपोआप काही जात नाही. पाचही उपटा.

सिल्व्हर_भाऊ: नराची भानगडच नको! सातातली चांगली मादी घ्या, सिल्व्हर थायोसल्फेट (मादीला नर फुलं आणणारं रसायन) फवारून तिच्यावरच पराग आणा, स्वपरागण करा. सगळ्या माद्या.

गुणसूत्र: आणि दोन-तीन पिढ्यांत रोपं खुरटली की? ही परपरागणाची जात आहे. दोन वेगळ्या बीडी/बीडी ओळी शुद्ध करून मग त्यांचा संकर करा. रोपाला दोन पानं फुटली की पीसीआरने (जनुक-चाचणीने) बीटी कळतो, फुलोऱ्याची वाट कशाला?

सिल्व्हर_भाऊ: फवारणी स्वपरागणालाच करायची असते असं कुठे लिहिलंय? त्याच परागाने दुसरी ओळ फळवा.

गुणसूत्र: हे आधी बोलला असतात तर वाद नव्हता.

मीनल_क: आईचे गुडघे दुखतात, सीबीडी तेल किती थेंब द्यावं?

सह्याद्री_७: ताई, वेगळा धागा काढा. त्याआधी डॉक्टरांना विचारा, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच.

हेम्पवाला: पण १४ चं काय? शेतात पाण्याचा ताण दिला म्हणून टीएचसी वाढलं असेल का?

गुणसूत्र: नाही. कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रयोगात वेगवेगळ्या ताणांनी सीबीडी-टीएचसीचं प्रमाण फारसं हललं नाही. सीबीडीए बनवणारं विकरच थोडं टीएचसीए सोडतं. तुमचं प्रमाण २६:१. म्हणजे १४ टक्क्यांना टीएचसी ०.५४, आणि कायद्याची मर्यादा ०.३. ती सीबीडी ७.८ टक्के झालं की संपते. तुमची ‘चांगली’ सातही आत्ता बाहेर आहेत, लक्षात आलं का?

हेम्पवाला: म्हणजे तीही गेली?

गुणसूत्र: पिकलेल्या फुलोऱ्याचा नमुना होता का? असेल तर काढणी लवकर घ्या. सीबीडी आणि टीएचसी बरोबरीने चढतात, बरोबरीने कमी राहतील. सरकारी नमुना काढणीआधीच्या ३० दिवसांत घेतात, तेव्हा तारीख आतापासून मोजा.