अभिवचनांच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचे?

मूळ लेख (शिंदखेडा, जि. धुळे)

आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) ३१ डिसेंबरच्या रात्री उपासना संपली की बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्यांची परडी फिरते, आणि ज्याच्या हाती जी चिठ्ठी येईल ते त्याचे वर्षभराचे अभिवचन मानले जाते. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या हाती '२ इतिहास' या पुस्तकातले ७:१४ हे वचन आले. माझ्या लोकांनी नम्र होऊन प्रार्थना केली तर मी त्यांचा देश बरा करीन, असा त्याचा आशय आहे. आमची जमीन कोरडवाहू आणि पीक कपाशीचे, त्यामुळे वडिलांना ते वचन थेट आपल्या शेतासाठीच आले असे वाटले आणि त्यांनी ती चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. त्या वर्षी पाऊस उशिरा आला, आणि जी बोंडे धरली त्यांत गुलाबी बोंडअळी निघाली. बोंड वरून हिरवेगार दिसे, फोडले की आत सरकी पोखरलेली आणि कापूस पिवळा पडून चिकटलेला असे. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्याने सांगितले की वचन कधी खोटे ठरत नाही, मागणाराच कमी पडतो. वडील त्या रात्री एवढेच म्हणाले, "मनाच इस्वास कमी पडना." म्हणजे, माझाच विश्वास कमी पडला.

त्या एका वाक्यामुळे मी हा विषय मांडतो आहे. ते वचन इस्राएलाचा राजा शलमोन याला यरुशलेमच्या मंदिराच्या समर्पणानंतर मिळाले. त्याच्या आधीच्याच वचनात अवर्षण, टोळ आणि मरी यांचा उल्लेख आहे, आणि करार मोडणाऱ्या इस्राएलावर देव स्वतः ती संकटे पाठवील तेव्हाची ही गोष्ट आहे. 'देश' म्हणजे तोच देश. शिंदखेड्याचे शिवार नव्हे.

घराघरांत फ्रेम करून लावलेले यिर्मया २९:११ घ्या. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, हे शब्द यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहुदी बंदिवानांना पाठवलेल्या पत्रातले आहेत. मराठीत 'तुम्ही' हे आदरार्थीही असल्यामुळे वाचणाऱ्याला ते आपल्या एकट्याला उद्देशून आहे असे सहज वाटते. पण आपल्या बायबलात देव एका माणसाशी बोलतो तेव्हा 'तू' म्हणतो, आणि इथला 'तुम्ही' सबंध समाजाचा आहे. आधीच्या वचनात ७० वर्षांची मुदत आहे. त्याच्या मागच्याच अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोन वर्षांत सुटका होईल असे सांगितले होते, आणि यिर्मयाला ते खोटे आहे असे तोंडावर सांगावे लागले. म्हणजे हे पत्र ऐकणाऱ्या वृद्धाला कळले असणार की आपण परत जाणार नाही. आपण ७० वर्षे गाळतो, हिताचे संकल्प तेवढे ठेवतो आणि नकळत हनन्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो.

प्रतिसाद (नवापूर, जि. नंदुरबार)

दादा, तुमच्या वडिलांना जे ऐकावे लागले ते चुकीचे होते, आणि ते बोलणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण ही वचने आपल्यासाठी नव्हेत, हा तुमचा निष्कर्ष मला मान्य नाही. यहोशवा १:५ मध्ये देव एकाच माणसाला, मोशेनंतर पुढारी झालेल्या यहोशवाला, यार्देन नदी ओलांडण्यापूर्वी, मी तुला सोडणार नाही असे सांगतो. अगदी तुमचा 'तू'. तरीही नव्या करारातल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक (इब्री १३:५) ते वाक्य उचलून एका मंडळीच्या हाती देतो आणि पुढे लिहितो की म्हणून आपण धैर्याने बोलतो. वचन ज्याला उद्देशून आहे त्याचेच, हा पत्त्याचा नियम एवढा कडक असता तर त्याने ते केले नसते. पौलाचे गलतीकरांस पत्र (गलती ३:२९) सांगते की तुम्ही ख्रिस्ताचे असाल तर अब्राहामाचे संतान आणि अभिवचनाप्रमाणे वारस आहात. आजोबांच्या नावाचा सातबारा असतो, ते गेले की वारस नोंद होते, फेरफार मंजूर होतो, आणि त्या शेतात पाय ठेवणाऱ्या नातवाला कोणी परका म्हणत नाही.

माझ्या आजीला अक्षर येत नव्हते. तिला यशया ४३:२ तोंडपाठ होते : तू पाण्यातून जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, नद्या तुला बुडवणार नाहीत. उकाईच्या धरणामुळे तापीचे पाणी मागे भरत आले आणि तिचे गाव पाण्याखाली गेले. तिने गाव सोडताना डोक्यावर जाते घेतले होते आणि तोंडात हेच वचन होते. त्या वचनाचा पत्ता 'याकोबा, इस्राएला' असा आहे हे मला ठाऊक आहे, पण ते शब्द तिचे नव्हते असे तिला कोणत्या अधिकाराने सांगायचे?

प्रतिसाद (भुसावळ)

दोघांच्याही बोलण्यात मूळ वारस, म्हणजे यहुदी लोक, कुठेच दिसत नाही, म्हणून लिहितो. कोकणातला बेने इस्राएल हा यहुदी समाज मराठीच बोलत आला आहे, आणि यिर्मयाचे तेच पत्र त्यांच्याही धर्मग्रंथात आहे. चर्चने अनेक शतके आशीर्वाद तेवढे स्वतःकडे घेतले आणि शाप यहुद्यांकडे ठेवले, व त्याचे परिणाम युरोपात काय झाले हे आपण जाणतो. प्रेषित पौल रोमकरांस पत्रात (रोम ११:२९) इस्राएलाविषयीच लिहितो की देवाची कृपादाने आणि पाचारण परत घेतली जात नाहीत. वारस नोंदीत आपले नाव वाढवताना थोरल्या भावाचे नाव खोडले जात नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

भुसावळचे म्हणणे मी पूर्णपणे स्वीकारतो. ते माझ्या लेखात यायला हवे होते. नवापूरच्या ताईंना मात्र विचारतो की वारसाकडे जमिनीबरोबर बोजाही येतो ना? बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात १४ वचने आशीर्वादांची आणि पुढची ५४ शापांची आहेत. त्यांतली एकही चिठ्ठी परडीत नसते. ख्रिस्ताने नियमशास्त्राच्या शापातून सोडवले असे गलती ३:१३ सांगते, हे तुम्ही म्हणाल. मग अनुवादाच्या त्याच अध्यायातला वेळेवर पडणारा पाऊस आणि भरलेली कोठारे कोणत्या आधाराने मागायची? शिवाय इब्रीच्या लेखकाने यहोशवा १ मधून काय घेतले ते पाहा. जिथे जिथे तुमचा पाय पडेल ती जमीन दिली, हे तिसरे वचन त्याने सोडले आणि सोबतीचे पाचवे घेतले. तेही द्रव्यलोभापासून दूर राहा, आहे त्यात समाधान माना, असे सांगताना. तुमच्या आजीनेही तेच केले. घर वाचेल असे त्यांनी धरले नाही.

प्रतिसाद (नवापूर)

इथे तुमचे म्हणणे पटते. आजीने जे धरले ते मीही मोठेच मानते. पण पाऊस मागूच नये असे मी मानणार नाही. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात एलीया संदेष्टा आपल्यासारखाच माणूस होता असे सांगून त्याच्या पावसाच्या प्रार्थनेचा दाखला साध्या विश्वासणाऱ्यांना दिला आहे. जूनमध्ये आभाळाकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याचे मागणे आणि हक्काचा दावा यांत मी फरक करते. चिठ्ठी काढायला माझी हरकत नाही. तिच्या जोरावर आजाऱ्याला किंवा कर्जबाजाऱ्याला दोषी ठरवायला आहे. तुमच्या वडिलांना त्या रात्री कोणीतरी इब्री १३:५ वाचून दाखवायला हवे होते.

मूळ लेखकाचे उत्तर

काल संध्याकाळी वाचून दाखवले. हे कोणाला सांगितले होते, असे त्यांनी आधी विचारले. पहिल्यांदा यहोशवाला, मग अशा मंडळीला जिची मालमत्ता लुटली गेली होती, असे मी सांगितले. ते त्याच पत्रात १०:३४ मध्ये आहे. तेव्हा ते वचनही वाच, म्हणाले. कपाटातली चिठ्ठी अजून तिथेच आहे.