सदनिकेतून डबे व फराळाचा घरगुती व्यवसाय: महापालिकेचे नियम आणि संस्थेची हरकत याबाबत मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

मुंबईत मुलुंडला एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत आमची स्वतःच्या मालकीची सदनिका आहे. तेथून मी आणि माझ्या सासूबाई दुपारच्या जेवणाचे डबे देतो. गणपतीत उकडीच्या मोदकांच्या आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतो. दारावर पाटी नाही, घरी बसून जेवण्याची सोय नाही, आणि डबे नेणारा मुलगा दुपारी एकदाच येऊन सगळे डबे घेऊन जातो. असे असताना व्यवस्थापकीय समितीने पत्र पाठवले आहे की निवासी सदनिकेचा व्यावसायिक वापर त्वरित बंद करावा, अन्यथा महापालिकेकडे तक्रार केली जाईल. या उत्पन्नावर घरातील दोघांची शिक्षणे अवलंबून असल्याने उत्तर देण्यापूर्वी नियम नीट समजून घ्यायचे आहेत.

आमच्याकडे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची नोंदणी आहे (नोंदणी केली तेव्हा वार्षिक उलाढाल 12 लाखांच्या आत असल्यास परवान्याऐवजी नोंदणी पुरेशी होती आणि शुल्क वर्षाला 100 रुपये होते), तसेच उद्यम नोंदणीही (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आहे. ही कागदपत्रे दाखवल्यावर सचिवांनी सांगितले की अन्नाची नोंदणी पदार्थाच्या सुरक्षिततेसाठी असते, जागेच्या वापराला ती परवानगी देत नाही. त्यांचे हे म्हणणे मला योग्यच वाटते, आणि म्हणूनच मी मुंबईची विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 वाचायला घेतली.

तिच्यात घरगुती व्यवसायाची व्याख्या आहे. त्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयाने, पगारी माणूस न ठेवता, बाहेरून व्यवसाय चालतो असे दिसेल अशी कोणतीही खूण न लावता, घरगुती वापराचीच उपकरणे वापरून केलेला, शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेला बाधा न आणणारा व्यवसाय तिच्यात बसतो. विक्री मात्र तेथेच तयार झालेल्या वस्तूंची असावी लागते, आणि यंत्रशक्ती वापरल्यास विजेचा एकूण भार 0.75 किलोवॅटपेक्षा जास्त असू नये. यातील बहुतेक अटी आम्ही पाळतो. अडचण दोन ठिकाणी येते.

पहिली अशी की सर्वसामान्य लोकांना सेवा देणारे खाण्यापिण्याचे ठिकाण या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहे. ठरलेल्या ग्राहकांना डबा पोहोचवणारे आणि कोणालाही आत बसवून न वाढणारे स्वयंपाकघर हे असे ठिकाण मानले जाते का? दुसरी अडचण अधिक अवघड आहे. सकाळी पोळ्या लाटायला एक ताई येतात आणि त्यांना आम्ही महिन्याचे पैसे देतो. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे ते काम आता त्यांच्याकडून होत नाही. पोळ्या बाहेरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणाव्यात, तर घरात तयार न झालेली वस्तू विकल्यासारखे होते. या ताईंमुळे आमचा संपूर्ण व्यवसायच व्याख्येबाहेर जातो का?

याखेरीज मालमत्ता कराचा प्रश्न आहे. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे आणि आमची सदनिका त्यात बसते. तक्रारीनंतर वापर बदलला असे महापालिकेने ठरवल्यास ही सवलत जाईल का? ज्यांना अशा प्रसंगाचा अनुभव आहे, त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद

ताई, मी उपनगरांतील काही गृहनिर्माण संस्थांचे लेखापरीक्षण करतो, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

समितीचे दोन अधिकार वेगळे करून पाहावेत. संस्था आपल्या उपविधींच्या भंगाबद्दल कारवाई करू शकते, पण त्यासाठी नोटीस देणे, तुमचे म्हणणे ऐकणे आणि विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवणे आवश्यक आहे. पाणी तोडणे किंवा लिफ्ट वापरू न देणे हा मार्ग तिला उपलब्ध नाही. तुम्ही स्वतः तेथे राहत असल्याने बिनभोगवटा शुल्कही (मालक स्वतः न राहता सदनिका भाड्याने दिल्यास संस्था आकारते ते) लावता येणार नाही. वाद मिटला नाही, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जाता येते. मात्र जागेच्या वापराचा निर्णय महापालिकेचा आहे, संस्थेचा नाही. त्यामुळे पत्राच्या उत्तरात नियमावलीतील व्याख्या उद्धृत करून, तुम्ही कोणत्या अटी कशा पाळता हे एकेक अट घेऊन लिहावे.

पोळ्यांच्या ताईंबाबत मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. पगारी माणूस नसावा ही अट शब्दशः वाचली तर तुमची बाजू तेथेच सर्वांत कमकुवत ठरते, आणि तक्रारदार नेमके त्यावर बोट ठेवतील. उत्तर देण्यापूर्वी हा एक मुद्दा वकिलाला दाखवाच. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 394 खाली खाद्यपदार्थांच्या काही व्यवसायांना परवाना लागतो, त्यात तुमचे काम येते का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

महापालिकेच्या टी विभाग कार्यालयात (मुलुंड याच विभागात येते) माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करता येईल, पण अर्जात 'आमचा व्यवसाय चालेल का' असे विचारू नका. या कायद्याने उपलब्ध अभिलेख मिळतात, अधिकाऱ्याचे मत मिळत नाही. घरगुती डबे व्यवसायाबाबतची परिपत्रके आणि निवासी सदनिकेच्या करसवलतीविषयीचे आदेश यांच्या प्रती मागा; 10 रुपयांचे शुल्क आहे आणि 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. इंधन कोणते वापरता? घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही, आणि आगीच्या धोक्याची तक्रार झाली तर समितीला आजच्यापेक्षा खूप भक्कम मुद्दा मिळेल.

मूळ लेखिकेचे उत्तर

सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माहितीच्या अधिकाराचा अर्ज तुम्ही सांगितल्याप्रमाणे परिपत्रकांच्या प्रतींपुरताच ठेवते. व्यावसायिक 19 किलोच्या सिलिंडरसाठी वितरकाकडे विचारणा केली होती. तो सदनिकेत ठेवण्यास संस्थेचे ना हरकत पत्र आणा, असे तेथे सांगण्यात आले, आणि समिती ते देणार नाही हे उघड आहे. इमारतीत नळाने येणारा गॅस आहे, परंतु आमची जोडणी घरगुती दराची आहे. निवासी इमारतीतील एकाच सदनिकेला नळाच्या गॅसची व्यावसायिक जोडणी कोणी घेतली असल्यास, त्यासाठी संस्थेची संमती लागली का, एवढे कृपया सांगावे.