शाळेच्या ताटात गावची ताजी भाजी: इच्छाशक्ती कुणाची कमी आहे?

रानमेवा: शाळेच्या कुंपणापलीकडे मेथी, गवार, शेवगा, आणि पोषण आहाराच्या खिचडीत तालुक्याहून आणलेला कोबी-बटाटा. मुख्याध्यापकांनी थोडी इच्छाशक्ती दाखवली तर पोरांना ताजी भाजी मिळेल, पैसा गावातच राहील. अडचण फक्त मानसिकतेची आहे.

झेडपीगुरुजी: मानसिकता! डोकं फिरलं वाचून, म्हणून सविस्तर लिहितो. पहिली ते पाचवी, 180 पोरं. माणशी 50 ग्रॅम म्हणजे रोज 9 किलो भाजी. मेथी आणून बघितलीय. पन्नास-साठ जुड्या. तिन्ही स्वयंपाकी ताई सकाळपासून व्हरांड्यात निवडत बसल्या, चार पाणी बदललं तरी माती सुटेना, आणि शिजून ती एवढीशी झाली. शेवटच्या रांगेला पातेलं खरवडून वाढलं. महिना 2500 रुपये मानधनात त्यांना रोज मेथी निवडा म्हणून कुठल्या तोंडाने सांगू? कोबी आठ-नऊ गड्डे, चिरला की झाला.

सरकारी दर ऐका. मे 2025 पासून पाचवीपर्यंत माणशी दिवसाला 6 रुपये 78 पैसे. तांदूळ वेगळा, पण डाळ, तेल, मसाला, भाजी, गॅस सगळं त्यातच. शेतकरी रोख मागतो, आमचं बिल तीन-तीन महिने अडकतं. उधारी माझ्या पगारातून. वर लेखापरीक्षणात पक्की पावती हवी, वहीचा फाडलेला कागद चालत नाही.

बांधावरून: गुरुजी, रोख मागतो कारण पिकाच्या औषधांच्या दुकानात आम्हाला उधारीवर व्याज लागतं. आणि तुमची शाळा तरी कुठे भरवशाची? आज सकाळची शाळा, उद्या गॅदरिंग, परवा गुरुजी निवडणुकीच्या ड्युटीवर. तोडलेली गवार मी काय शोकेसमध्ये ठेवू?

झेडपीगुरुजी: निवडणूक ड्युटी मी हौसेने घेतो काय?

ताटवाटी: भाजीवरून कसले भांडताय. गावातलं ताजं म्हणजे अंडं. निवडायला नको, माती नाही. आपल्या राज्य सरकारने नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक सुरू केलं, जानेवारी 2025 मध्ये त्याचे पैसे काढून घेतले. म्हणे लोकवर्गणीतून द्या! तमिळनाडूत शाळेच्या रोजच्या जेवणात अंडं असतं.

शुद्ध_शाकाहारी: अंड्याची सक्ती नकोच. एकाच स्वयंपाकघरात शिजणार, आमच्या मुलांनी काय करायचं?

ताटवाटी: केळं खायचं. पर्याय होता. तुमची मुलं झेडपीत आहेत का पण?

शुद्ध_शाकाहारी: वैयक्तिक येऊ नका. इंग्रजी शाळेत आहेत, पण कर मीही भरतो.

ताटवाटी: वा! म्हणजे पोरगं डबा घेऊन जाणार पनीर पराठ्याचा आणि शेतमजुराच्या पोराने काय खावं ते तुम्ही ठरवणार. माझी आई अंगणवाडीत होती. बाळ दोन घास जास्त खातंय म्हटल्यावर आया कशा बघतात ते बघितलंय मी.

शुद्ध_शाकाहारी: भावनिक भाषणं नकोत. प्रथिनं डाळीतही असतात.

ताटवाटी: असतात की. पाचवीपर्यंत माणशी 20 ग्रॅम डाळ, कोरडी. ती 180 जणांच्या आमटीत पातळ झाली की ताटात शोधून दाखवा.

झेडपीगुरुजी: मी अंड्याच्या बाजूचाच, पण 'निवडायला नको' म्हणजे काम नाही असं कुणी सांगितलं? उकडून सोलायला बसलो होतो मी स्वतः. निम्म्यांचं पांढरं टरफलासोबतच निघालं. शेवटी पोरांनाच सोलायला दिली. टरफलं आठवडाभर वर्गात सापडत होती. त्या दिवशी हजेरी मात्र पूर्ण, हेही सांगतो.

रानमेवा: अंड्यात चर्चेचा धागा बुडाला. मेथी जाऊ द्या, शेवग्याच्या शेंगांना काय हरकत? निवडणं नाही, परसबागेत दोन झाडं लावली तरी थोडा हातभार. सध्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपनीकडून घ्या, ती पक्की पावती देते.

बांधावरून: कंपनी 9 किलोसाठी गाडी फिरवणार नाही. तुमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, पाच-सहा शाळांनी एकत्र मागणी दिली तर मीच टेम्पो लावतो. पण पैसे महिन्याच्या महिन्याला.

झेडपीगुरुजी: बरं बाबा, शेवगा मान्य. सर्व इच्छाशक्ती एकवटून सोमवार-गुरुवार घेतो, केंद्रप्रमुखांशी बोलतो. महिन्याच्या महिन्याला पैसे देईन असं लिहून मागू नका, मला कुणी तसं लिहून दिलेलं नाही.