उत्तर: 500 ब्रॉयलरपासून सुरुवात

ब्रॉयलरची, म्हणजे मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांची, 500 पिल्लं एकदम आणायची का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, पहिली बॅच 100 चीच करा. शेडचा हिशोब सोपा आहे, पक्ष्यामागे एक चौरस फूट, लांब बाजू पूर्व-पश्चिम.

खरी परीक्षा पहिल्या आठवड्यातच. पिल्लं यायच्या आधी काही तास बल्ब लावून शेडमध्ये खाली अंथरलेलं भाताचं तूस गरम करून ठेवा. आल्या आल्या गुळाचं पाणी, खाद्य नंतर. तापमान 33-34 अंशांच्या आसपास हवं, पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली एकावर एक चढली तर गारठलीत, कडेला चोची उघडून बसली तर उकडतंय. मी पहिल्या वेळी रात्री लाइट जाईल हे धरलंच नव्हतं. सकाळी कोपऱ्यात चेंगरून मेलेली पिल्लं गोळा केली. तेव्हापासून कोळशाची शेगडी तयार असते (धूर बाहेर जाईल अशी सोय हवीच).

लसी चुकवू नका. साधारण सातव्या दिवशी लासोटा (राणीखेत म्हणजे मानमोडी रोगावरची लस), चौदाव्याच्या सुमारास गंबोरो (त्याच नावाच्या रोगावरची लस). गावातल्या पशुवैद्यकांना विचारून तारखा पक्क्या करा.

आणि कॅलेंडर बघा हो! पक्षी सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातो. आषाढात पिल्लं टाकलीत तर माल ऐन श्रावणात तयार होईल आणि गिऱ्हाईक उपवासाला बसलेलं असेल. तयार पक्षी थांबवून ठेवला की रोज खाद्य खातो, भाव मात्र वाढत नाही.