मदत हवी आहे: डायनॅमिक माईकवर आवाज फारच बारीक येतोय

टाळकरी
आषाढीच्या आत दोन अभंग रेकॉर्ड करून द्यायचेत आणि मी तीन रात्री इथेच अडकलोय. बाराशेचा डायनॅमिक माईक घेतला. गेन (माईकचा सिग्नल वाढवायचं बटण) पूर्ण फिरवला तरी आवाज मुंगीएवढा. मागाहून वाढवला की पाऊस पडल्यासारखी सरसर. माईकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटणही दाबून पाहिलं, फरक शून्य. माईक खराब आहे की स्वस्त माईकवर गाणं होतच नाही? लवकर सांगा. 'कंडेन्सर (दुसऱ्या जातीचा माईक) घे' नको, बजेट संपलंय.

खर्जातला_सा
माईक कशात लावलाय? तोंडापासून किती लांब? आम्ही ज्योतिषी नाही.

मुलुंडकर
कंडेन्सरच घे. डायनॅमिक स्टेजवर ठीक, स्टुडिओत नाही.

टाळकरी
शेवटचं वाक्य वाचलंत का माझं?

रीळवाला
मुलुंडकर, मायकल जॅक्सनचा १९८२ चा अल्बम शुअर एसएम ७ वर गायलेला आहे. तोही डायनॅमिकच.
टाळकरी, या माईकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं असतं, ते चुंबकात हलून जेवढी वीज तयार होईल तेवढीच. म्हणून सिग्नल मुळात अशक्त. ४८ व्होल्ट कंडेन्सरला लागतात, याला नाही.

मुलुंडकर
एसएम ७ बाराशेत मिळतो का?

रीळवाला
मुद्दा किमतीचा नव्हता, जातीचा होता. उगाच फाटे फोडू नका.

गणपतीपुढे_गाणारी
आमच्या मंडळाच्या कराओकेत माईक सारखा शिट्टी मारायचा. स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे सरकवले, बंद झालं. करून बघा.

खर्जातला_सा
ताई, त्यांच्याकडे स्पीकरच नाहीये.

टाळकरी
मित्राचा दोन चॅनेलचा इंटरफेस आहे, माईक कॉम्प्युटरला जोडायचा डबा. माईक स्टँडवर, साधारण एक फूट लांब. वायर माईकच्या खोक्यातलीच. पंखा बंद, खिडकीला गोधडी. अजून काय हवंय?

बुधवारपेठी
एक फूट म्हणजे माईकला नमस्कार करून गाताय. चार बोटांवर या. अंतर निम्मं केलं की साधारण ६ डीबी (आवाजाचं माप) वाढतात, म्हणजे फुटावरून चार बोटांवर आलात की १२ च्या आसपास फुकट. जवळ आल्यावर खर्ज फुगेल, तो १०० हर्ट्झच्या खाली कापा.

मुलुंडकर
आणि डायनॅमिक माईक खोलीचा आवाज उचलत नाही, तो फायदा आहेच.

बुधवारपेठी
उचलतो की! तोंडाजवळ धरतो म्हणून खोली लहान वाटते. कंडेन्सरही तितकाच जवळ धरा, फारसा फरक राहणार नाही.

खर्जातला_सा
वाद नंतर घाला. टाळकरी, वायरीचं दुसरं टोक कसलं?

टाळकरी
माईककडे तीन पिना. दुसरीकडे गिटारला असते तशी एकच जाड पिन. का?

खर्जातला_सा
सापडलं! इंटरफेसच्या सॉकेटमध्ये ती जाड पिन मधल्या भोकात जाते, म्हणजे गिटारच्या किंवा लाइनच्या वाटेला. माईकचा प्रीअँप, म्हणजे अशक्त सिग्नल वाढवणारा भाग, वाटेत लागतच नाही. ४८ व्होल्टही त्या भोकात येत नाहीत. दोन्ही टोकांना तीन पिनांची एक्सएलआर वायर आणा.

बुधवारपेठी
पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत मिळेल. अभंगाला विठोबाच पावतोय म्हणायचा.

टाळकरी
आणली! गेन पाऊणवर, आवाज दणदणीत, सरसर जवळजवळ गेली. तीन रात्री फुकट. पण आता 'पांडुरंग' म्हटलं की 'प' फुटतोय, माईकवर फुंकर मारल्यासारखा.

रीळवाला
माईक तोंडासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याशी थोडा तिरपा धरा. वर फोमची टोपी घाला.

मुलुंडकर
कंडेन्सरला पॉप फिल्टर लावला असता तर

खर्जातला_सा
मुलुंडकर!!

गणपतीपुढे_गाणारी
आमच्या कराओके मशीनलाही तसलीच जाड पिन आहे. बदलायची का मग?