अनुभव धागा: साथीत आपलं गाव कुठं होतं?

मार्च २०२० ला इस्लामपुरात सौदीहून आलेल्या एकाच घरातले चौघे पॉझिटिव्ह निघाले आणि आमच्या सांगली जिल्ह्याचं नाव राज्यभर झालं. तेव्हा पाव्हणे फोनवर सांगायचे, "आमचं गाव आडवळणी, इथं काय येतंय!" वर्षभरानं त्याच पाव्हण्यांसाठी ऑक्सिजनचा बेड शोधत मी रात्रभर फोन फिरवत होतो. आडवळणाला असणं चांगलं की वाईट? सातारा-सांगलीकरांनी आपापलं सांगा. दवाखान्यांची, डॉक्टरांची नावं नकोत.

कोयनाकाठची लेक
माहेर कांदाटी खोऱ्यात, शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याच्या पलीकडं. बाजार, दवाखाना, सगळं लाँचनं. २०२० च्या एप्रिलात लाँच बंद झाली, तर म्हातारी माणसं निवांतच होती. मे महिन्यात मुंबईकर आले. आमच्याकडं घरटी एक तरी माणूस मुंबईत. भावाला शाळेत चौदा दिवस ठेवला. आई डबा पायरीवर ठेवायची आणि तो जेवेस्तोवर लांब आंब्याखाली उभी राहायची. त्या साली आमच्या वाडीत कुणाला काही झालं नाही.

पुढच्या एप्रिलात आबांना, म्हणजे थोरल्या चुलत्यांना, ताप आला आणि तिसऱ्या दिवशी दम लागला. निघायला संध्याकाळ झाली, त्यात वळवाचं वारं सुटलं. लाँचवाला म्हणाला, "उजाडताच काढू." रात्रभर आबा भिंतीला टेकून बसले होते. आडवं झालं की श्वास पुरायचा नाही. सकाळी बामणोलीला उतरलो तेव्हा बोटाला लावायचं यंत्र ऑक्सिजन ७४ दाखवत होतं. तिथून कास, मग सातारा, साताऱ्यात तीन दारं. तिसऱ्या दारात गेले. पाणी आमच्या बाजूनं होतं का विरुद्ध, मला अजून ठरवता येत नाही.

मिरजेचा
आमचं बरोबर उलट. रेल्वेचं जंक्शन, आणि वॉनलेस हॉस्पिटल १८९४ सालचं, तेव्हापासून दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातूनही पेशंट येतात, म्हणजे रोगही आधी आमच्याच बोळात. पण दवाखाना चालत सात मिनिटांवर. वडील ऑक्सिजन ९२ असतानाच ॲडमिट झाले, घरी आले. शेजारच्या भाडेकरूला मात्र डिपॉझिट जमवायला दोन दिवस लागले, आणि उशीर झाला. सात मिनिटं त्यालाही तीच होती.

उमदीकडचा
आम्हाला सांगलीपेक्षा विजापूर जवळ. दुखणंखुपणं सगळं तिकडं. सीमेवर नाकाबंदी लागली तेव्हा कळलं, आपण महाराष्ट्रात राहतो.

गलाईवाला, विटा
खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलीत. पाऊस नाही म्हणून गाव सुटलं. मी कोईमतूरला. पास काढून आलो तर वेशीवर बाभळीच्या फांद्या, आणि त्या टाकणारा माझाच वर्गमित्र. मळ्यातल्या शेडात, कडब्याशेजारी राहिलो. त्याचं चुकलं असं म्हणत नाही, पण अजून त्याच्याशी पहिल्यासारखं बोलता येत नाही. अशा वेळी माझं गाव कुठलं धरायचं?

खंडाळा तालुका
पणजी सांगायची, प्लेगात उंदीर पडला की गाव माळावर झोपड्या घालायचं. म्हणजे जागा वाईट ठरली की माणसं जागाच बदलायची. अर्थात, माळावर ज्याची जमीन त्याची झोपडी आधी. आमच्या नायगावच्या सावित्रीबाई तर प्लेगपासून लांब गेल्याच नाहीत. पुण्यात रोग्यांची सेवा करता करता त्यांनाच लागण झाली, १० मार्च १८९७ ला गेल्या.

मिरजेचा
@कोयनाकाठची लेक, त्या लाँचवाल्याचा राग येत नाही?

कोयनाकाठची लेक
यायचा. आबांच्या दिवसकार्याच्या वेळी कळलं, त्या रात्री त्याची बायकोही तापानं फणफणली होती आणि तिलाही तो पाण्यापलीकडं नेऊ शकला नव्हता. सकाळी आमच्याच लाँचमध्ये मागं बसली होती ती, पदर तोंडाला लावून. आम्ही तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.